पाणथळीलाही उन्हाळा लागतो

शहरातल्या एखाद्या सडलेल्या पाणथळ जागेच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा जाहीर झाला, की पुढचं भांडण कसं रंगणार हे आधीच सांगता येतं. एका गटाला गाळ उपसून हवा असतो, काठाला दगडी पिचिंग, चालायला ट्रॅक, बसायला बाक आणि जमलंच तर मधोमध कारंजं. दुसरा गट ‘निसर्गाचं निसर्ग बघून घेईल, तुम्ही फक्त हात लावू नका’ म्हणत कोर्टाची पायरी चढतो. याला विकास विरुद्ध पर्यावरण असं नाव मिळतं आणि खरा प्रश्न बाजूलाच राहतो. कारण दोन्ही गटांच्या डोक्यातलं चित्र एकच आहे: बाराही महिने काठोकाठ भरलेलं निळंशार पाणी. एकाला त्यात बोट हवी, दुसऱ्याला बदकं, इतकाच फरक. माझ्या मते हे चित्रच चुकीचं आहे. पाणथळीतलं पाणी ऋतूप्रमाणे वर-खाली झालं पाहिजे, उन्हाळ्यात तिचा बराचसा तळ उघडा पडला पाहिजे, आणि तसं होऊ द्यायचं तर त्याआधी तिच्यात येणाऱ्या मैल्याचा बंदोबस्त झाला पाहिजे. ही दोन कामं जोडीनं आणि याच क्रमानं. कारंजी, बाक, पक्षी-निरीक्षणाचे मनोरे यांवरची भांडणं त्यानंतर खुशाल करावीत.

इराणमधल्या रामसर इथं २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारानं पाणथळीची व्याख्या ऐसपैस केली आहे. ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रही तिच्यात बसतो. पण शहरातल्या गोड्या पाण्याच्या पाणथळीचा जीव असतो तो पहिल्या गुडघाभर पाण्यात. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय पाहून तो खोल पाण्यात जात असेल असं वाटतं, पण तो चरतो वीतभर पाण्यात. तुतवार आणि चिखल्या तर बोटभर पाण्यात, नाहीतर नुसत्या ओल्या चिखलावर. हळदीकुंकू बदक शेपटी वर करून मान बुडवतं. ती मान पोचते तेवढंच त्याचं ताट, म्हणजे साधारण फूटभर. दोन-तीन मीटर खोल, उभ्या काठांच्या पाण्यात मग कोण उरतं? बुड्या मारणारे पाणकावळे आणि थोडेफार वारकरी पक्षी. वनस्पतींची अट त्याहून कडक. काठावरच्या लव्हाळ्यांचं, मोथ्यांचं आणि इतर बहुतेक झाडोऱ्याचं बी खोल पाण्याखाली रुजत नाही. त्याला हवा असतो उघडा, ओला, ऊन लागणारा चिखल. अमेरिकेत आयोवातल्या पाणथळींवरच्या अभ्यासांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की हे बी गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि पाणी हटलं की एका हंगामात उगवून येतं.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. वेगवेगळ्या दहा-बारा ठिकाणांहून वरचा पाच सेंटिमीटर गाळ घ्यायचा, काड्या-मुळ्या काढून पसरट ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा. निम्मे ट्रे फक्त ओले ठेवायचे, निम्म्यांवर पाच सेंटिमीटर पाणी उभं करायचं. सहा ते आठ आठवडे रोपं मोजायची. ओल्या ट्रेमध्ये हिरवा गालिचा येतो आणि शेजारच्या पाण्याच्या ट्रेमध्ये जेमतेम काही उगवतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला अभियंता पुढच्या बैठकीत लागवडीचं टेंडर मांडताना थोडा अडखळतो. ट्रे मोकळेच राहिले तर तेही कळलं: इथलं बी संपलंय, रोपं बाहेरून आणावी लागतील. या चाचणीला दोन महिने लागतात आणि खर्च जवळपास नाही. तरीही ती आराखड्यात क्वचितच असते, आणि रोपांच्या खरेदीची तरतूद मात्र नेहमी असते.

पाण्याची पातळी स्थिर ठेवली की काय होतं याचा मोठा धडा अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ऑन्टॅरिओ सरोवरानं दिला. सेंट लॉरेन्स नदीवर जलवाहतूक आणि वीज यांसाठी बांधकामं झाली आणि १९६०च्या सुमारास सरोवराच्या पातळीचं नियमन सुरू झालं. चढ-उतार दाबले गेले. पुढच्या काही दशकांत काठावरच्या विविध गवतांच्या कुरणांवर पाणकणसानं ताबा मिळवला. जिथे अनेक जातींची सरमिसळ होती तिथे एकाच जातीची भिंत उभी राहिली. मुख्यतः पाणी जागेवर थांबवल्याची ही किंमत होती. नैसर्गिक चढ-उतार काही प्रमाणात परत आणणारी नवी योजना लागू व्हायला जानेवारी २०१७ उजाडलं. त्याच वर्षी अतिवृष्टी होऊन विक्रमी पाणी चढलं, काठावरच्या घरमालकांनी खापर नव्या योजनेवर फोडलं. पातळी बदलू देणं हा तांत्रिक विषय आहे त्याहून जास्त राजकीय आहे, हे त्यातून दिसलं. त्याकडे शेवटी येऊ.

‘पाणी आटवायचं म्हणजे तळं मारायचं’ ही समजूत आपल्या भाषेलाही मान्य नाही. धरणाचं पाणी उतरत जातं तसतशी उघडी पडणारी जमीन कसायची, तिला मराठीत गाळपेर म्हणतात. पाणी मागे सरतं, ओल्या गाळावर पीक उभं राहतं, पावसाळ्यात ती जमीन पुन्हा बुडते. पाण्याचं उतरणं हा बिघाड आहे असं गाळपेर करणाऱ्या कुणाला कधी वाटलं नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळी तर याहून बोलक्या आहेत. सुमारे १२,५०० हेक्टरचा हा पट्टा, २००२ मध्ये रामसर यादीत आलेला. शहराचा मैला उथळ तळ्यांत घेऊन, ऊन आणि शेवाळ यांच्या जोरावर तो पचवून त्यावर मासे वाढवणारी ही व्यवस्था ध्रुवज्योती घोष यांनी जगापुढे आणली. तिथली भेरी, म्हणजे मासळीचं तळं, साधारण अर्धा ते दीड मीटर खोल असते. हिवाळ्यात ती रिकामी करतात, तळ वाळवतात, गाळ काढतात, चुना टाकतात आणि मगच नवं सांडपाणी घेतात. एवढा मैला पचवणारी जागा आपला तळ नेमानं उन्हाला दाखवते, हा योगायोग आहे का?

उन्हाचं काम साधं आहे. सडलेल्या पाणथळीच्या तळाशी काळा, लोण्यासारखा, सडक्या अंड्याचा वास मारणारा चिखल असतो. दोन इंची पीव्हीसी पाइप त्यात मीटरभर दाबून, वरचं तोंड तळहातानं बंद करून हळू उचलला, की आत थर दिसतात: वर काळा चिखल, खाली करडी किंवा पिवळसर घट्ट जुनी माती. काळा भाग हवेवर ठेवला तर थोड्याच वेळात त्याच्या कडा तपकिरी होऊ लागतात. प्राणवायू पोचला की तोच चिखल बदलू लागतो. उन्हाळ्यात तळ उघडा पडला तर हे सगळ्या पृष्ठभागावर होतं. सेंद्रिय भाग कुजून कमी होतो, चिखल भेगाळतो, आकसतो, दाबला जातो. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं तरी वाऱ्याच्या लाटांनी तो पूर्वीसारखा ढवळून निघत नाही. पाणी नितळ राहिलं की तळापर्यंत ऊन जातं आणि पाण्याखालच्या वनस्पती येतात. त्या आल्या की पाणी आणखी नितळ होतं. डच शास्त्रज्ञ मार्टन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलं ते हेच: उथळ पाण्याला दोन स्थिर अवस्था असतात, एक वनस्पतींची नितळ आणि एक शेवाळाची गढूळ. दोन्ही स्वतःला टिकवून धरतात, म्हणून गढूळाकडून नितळाकडे जायला जोराचा धक्का द्यावा लागतो. पातळी उतरवणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त धक्का.

आता पहिली कबुली. मैला येत असताना पाणी उतरवलं तर चिखलाचा माळ होत नाही, उघडं गटार होतं. त्यामुळे ‘आधी सांडपाणी थांबवा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते किती सांडपाणी येतंय हे न मोजता तसं म्हणणाऱ्यांशी. पावसाळी नाल्यातून भर एप्रिल-मे महिन्यात जे वाहतं ते पावसाचं पाणी नसतं. ते मोजायचं: प्रत्येक मुखाशी व्ही आकाराची खाच असलेली पाटी बसवून, चोवीस तास, दर दोन तासांनी. सकाळी सात ते दहाचा उसळीचा प्रवाह आणि रात्री तीनचा प्रवाह यांत फार मोठा फरक असतो. दुपारी एकदाच जाऊन काढलेल्या आकड्यावर पंप निवडला की रोज सकाळी तो अपुरा पडतो आणि उरलेला मैला सांडव्यावरून थेट पाणथळीत जातो. ठोकताळा असा, की कोरड्या दिवसांतल्या प्रवाहाच्या तिप्पट पाणी अडवून मैलावाहिनीत वळवायचं आणि त्यापुढचं पावसाचं पाणी आत सोडायचं. पहिल्या सरीचं पाणी रस्त्यावरचं तेल, टायरची भुकटी, कचरा सगळं घेऊन येतं. त्यासाठी आत शिरण्याआधी वेगळा गाळखड्डा हवा, ज्यात मशीन उतरवायला रॅम्प असेल. रॅम्प नसलेला गाळखड्डा दोन पावसाळ्यांत भरतो आणि मग तसाच राहतो.

त्यात एक मेख आहे, आणि ती दोन्ही गटांच्या नजरेतून सुटते. शहरातल्या कित्येक पाणथळी आज मैल्यावरच ओल्या आहेत. पाणलोट डांबराखाली गेला, झरे तुटले, उरलं ते गटार. ते सगळं वळवलं तर पावसाळा संपताच त्या कोरड्या ठणठणीत होतात. मग प्रक्रिया केलेलं पाणी परत आणायचं ठरतं आणि सगळे खूश होतात. पण साध्या मैलाशुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात लिटरमागे दोन ते पाच मिलिग्रॅम फॉस्फरस राहू शकतो. उथळ पाणी नितळ राहायचं तर तो ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवा. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसणारं, वास न येणारं हे पाणी वीस ते पन्नास पट जास्त ‘खतावलेलं’ असतं. त्यावर जलपर्णी झकास वाढते. म्हणून केंद्र आणि पाणथळ यांच्यामध्ये आणखी एक टप्पा लागतो: तुरटी किंवा लोहक्षार घालून फॉस्फरस खाली बसवणं, आणि मग देवनळ-पाणकणसाचं बांधीव गाळणक्षेत्र. बेंगळुरूच्या जक्कूर तलावात १० एमएलडी (दिवसाला एक कोटी लिटर) क्षमतेच्या केंद्राचं पाणी आधी अशा वनस्पतींच्या पट्ट्यातून आणि मग तलावात सोडलं गेलं, त्याचं नाव म्हणूनच घेतलं जातं. नुसत्या बांधीव गाळणक्षेत्रावर सगळं भागवायचं तर जागेचा हिशोब पाहा: माणशी दोन ते पाच चौरस मीटर. दहा हजार वस्तीला दोन ते पाच हेक्टर. शहरात ती कुठून आणणार? तरंगत्या वाफ्यांचे चार तराफे किंवा जिवाणूंचे गोळे टाकून हा हिशोब मिटत नाही. गोळ्यांनी फॉस्फरस बाहेर जात नाही, तो आतच रूप बदलतो. तराफ्यांवरची झाडं वेळोवेळी कापून बाहेर नेली तर थोडा फॉस्फरस जातो, पण आराखड्यात तराफ्यांचा फोटो असतो, कापणीचं वेळापत्रक नसतं.

गाळ उपसण्याची मागणी करणाऱ्यांच्या बाजूनं सगळ्यात भक्कम पुरावा स्वीडनचा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. वेक्श्यो शहरातल्या ट्रुमेन तलावात येणारं सांडपाणी १९५०च्या दशकाच्या अखेरीस वळवलं गेलं, तरी दहा वर्षं तो सुधारला नाही. तळातला जुना फॉस्फरस पाण्यात येतच राहिला. मग १९७० आणि १९७१ मध्ये दर वर्षी अर्धा मीटर असा एकूण मीटरभर गाळ शोषून काढला आणि तलाव खरोखर पालटला. याउलट सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरात १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी वळवलं आणि गाळाला हातही न लावता काही वर्षांत पाणी नितळ झालं. दोन्ही उदाहरणं लोक आपापल्या सोयीनं फेकतात. फरक खोलीचा आहे. वॉशिंग्टन सरोवर सरासरी तेहेतीस मीटर खोल आणि आकाराच्या मानानं आतलं पाणी लवकर बदलणारं. ट्रुमेन दीड-दोन मीटर. शहरी पाणथळ ट्रुमेनच्या कुळातली, म्हणून कधी कधी गाळ काढावाच लागतो. पण ट्रुमेनमध्ये सांडपाणी आधी वळवलं होतं, किती जाडीचा थर फॉस्फरसनं भरलाय हे आधी मोजलं होतं, आणि काढलेल्या गाळातून परत येणारं पाणीसुद्धा प्रक्रिया करून आत सोडलं होतं. या तिन्ही गोष्टी गाळून उरतं ते पोकलेन.

पोकलेनचा हिशोबही करू. समजा २० हेक्टरची जागा आहे आणि तीस सेंटिमीटर गाळ काढायचाय. झाले ६०,००० घनमीटर. सात घनमीटरच्या टिपरच्या साडेआठ हजार फेऱ्या. तो जाणार कुठे, हे निविदेत लिहिलेलं नसेल तर उत्तर ठरलेलं आहे: काठावर. पहिल्या पावसात त्यातला निम्मा परत आत येतो, उरलेल्यावर ‘सुशोभित बांध’ तयार होतो आणि पाणथळ तेवढी आकसते. गाळात शिसं, क्रोमियम, कॅडमियम आहे का हे न तपासता तो शेतात दिला तर विष फक्त गाव बदलतं. आणि सगळ्यात न भरून येणारी चूक म्हणजे काळा थर संपला तरी खोदत राहणं. त्याखालची घट्ट चिकणमाती हीच पाणथळीची घागर असते. ती फोडली की पुढच्या वर्षी भर हिवाळ्यात पाणी जिरून जातं आणि टँकरनं तळं भरण्याच्या सूचना येऊ लागतात. पाइपनं थर पाहायचे ते एवढ्यासाठीच. दर पन्नास मीटरवर एक पाइप, आणि खोदाईची मर्यादा त्या नकाशाप्रमाणे ठिकाणागणिक वेगळी.

‘पण खोल केलं तर पुराचं पाणी जास्त मावेल ना?’ हा प्रश्न रास्त वाटतो आणि इथेच भरलेल्या तळ्याच्या कल्पनेची फसगत उघडी पडते. पूर मावतो तो तळाच्या खोलीत नाही, पाण्याच्या वर मोकळ्या असलेल्या जागेत. तीन मीटर खोल पण काठोकाठ भरलेलं तळं पुराला एक थेंबही जागा देत नाही. तेच २० हेक्टर पावसाळ्यापूर्वी अर्धा मीटर उतरवून ठेवले तर एक लाख घनमीटर जागा तयार. दोनशे हेक्टरच्या पाणलोटात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सत्तर टक्के वाहून आला तर येतं १ लाख ४० हजार घनमीटर. म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी नुसत्या अर्ध्या मीटरच्या उताराने थोपवलं, एक टिपरही न फिरवता. शिवाय उन्हाळ्यात ते तळं भरून ठेवायचं म्हटलं तरी रोजचं बाष्पीभवन पाच मिलिमीटर धरा. २० हेक्टरला दिवसाला दहा लाख लिटर. सेऊलचा चोंगेचॉन ओढा २००५ मध्ये उघडला, त्याचं कौतुक सगळीकडे होतं. त्याने शहराच्या मध्यभागाला गारवा दिला हेही खरं. पण त्यातलं बहुतेक पाणी पंपानं वर आणलेलं आहे, दिवसाला सुमारे १ लाख २० हजार टन. तो शहरातला उत्तम पाण्याचा बगीचा आहे; त्याला पुनरुज्जीवन म्हणायचं की नाही हे वीजबिल पाहून ठरवावं.

डासांचा आक्षेप टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. दलदल म्हणजे रोगराई, ही धारणा शतकानुशतकांची. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. अमेरिकेत १८५०च्या कायद्यानं दलदली उपसण्यासाठी राज्यांना देऊन टाकल्या गेल्या. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला तो १८९७ मध्ये. म्हणजे हवेला दोष देत दलदली बुजवण्याचं धोरण कारण कळण्याच्या आधीपासून चालू होतं. आणि निचऱ्यामुळे काही ठिकाणी मलेरिया खरंच हटला, हेही नाकारून चालणार नाही. पण कोणता डास, कुठे वाढतो? डेंग्यूचा एडिस वाढतो टायरात, ड्रममध्ये, कुंडीखालच्या ताटलीत. रात्री घरात गुणगुणणारा क्यूलेक्स वाढतो मैलामिश्रित, साचलेल्या, जलपर्णीनं झाकलेल्या पाण्यात, म्हणजे आजच्या सडलेल्या पाणथळीत. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे उतरत्या पाण्यात धोका असतो तो मागे राहणाऱ्या डबक्यांचा, जिथे मासे पोचत नाहीत. त्यावर इलाज उताराचा आहे. तळाला मुख्य खड्ड्याकडे सलग उतार द्यायचा आणि डबकी चरांनी जोडायची. काठ १:२०च्या उताराचा असेल तर तीस सेंटिमीटर पाणी उतरल्यावर सहा मीटर रुंद चिखलाचा पट्टा उघडा पडतो, निचरतो, पक्ष्यांनी भरतो. दीडास एकच्या दगडी पिचिंगवर तेवढंच पाणी उतरलं तर उघडा पडतो जेमतेम हातभर दगड आणि फटींमधल्या पाण्यात डासांच्या अळ्या. दोन किलोमीटरच्या काठावर हा फरक सुमारे १.१ हेक्टरचा आहे.

राहिले ‘हात लावू नका’ म्हणणारे. राजस्थानातलं पक्ष्यांसाठी नावाजलेलं भरतपूरचं केवलादेव त्यांनी विसरू नये. ते मुळात माणसाच्या बांधांनी घडलेलं, म्हशींनी चरलेलं पाणवठ्याचं रान. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली. विरोध झाला, गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. हेतू पक्ष्यांच्या भल्याचा होता. मग म्हशी नाहीत म्हणून एक पाणगवत मोकाट वाढलं, उथळ पाणी भरून टाकलं आणि बदकांना मोकळं पाणी कमी पडू लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष चराईबंदीच्या विरोधात गेला. एखादी जागा किती वर्षं माणसाच्या हाताखाली आहे हे न बघता हात काढून घेणं हासुद्धा हस्तक्षेपच. रोहित पक्षी आले म्हणजे पाणथळ सुदृढ, हेही असंच घाईचं अनुमान. छोटा रोहित मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ खातो. ते शेवाळ खतावलेल्या पाण्यात भरपूर येतं, त्यामुळे गुलाबी थवा हे प्रमाणपत्र म्हणून वापरू नये.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप. शहरात कोरडी दिसलेली जागा गिळली जाते. पाणी हीच पाणथळीची कुंपणभिंत. ते उतरलं की रात्रीत राडारोड्याचे ट्रक, मग पत्र्याची शेड, मग सातबारा. ट्रॅक आणि दिवे मागणाऱ्यांचा खरा युक्तिवाद सौंदर्याचा नाहीच, पहाऱ्याचा आहे: जिथे माणसं चालतात तिथे ट्रक उलटत नाही. याला पुरतं उत्तर माझ्याकडे नाही, अर्धं आहे. हद्द मोजायची ती उन्हाळ्यातल्या पाण्याच्या कडेनं नाही, ज्ञात सर्वोच्च पुराच्या समतल रेषेनं. त्या रेषेवर दर पंचवीस मीटरला खांब आणि त्यांचे अक्षांश-रेखांश जमिनीच्या नोंदीत. चालण्याचा रस्ता या रेषेच्या बाहेरून, मुरुमाचा, परिघाच्या एका बाजूलाच. दुसरी बाजू पक्ष्यांना, तिथे दिवाही नको. लंडनमध्ये बार्न्स इथं व्हिक्टोरियन काळातले चार काँक्रीटचे जलाशय निकामी झाले तेव्हा ते फोडून, उथळ करून सुमारे चाळीस हेक्टरांचं पाणथळ केंद्र २००० साली खुलं झालं. तिथे लोक आत जातात, पण ठरलेल्या वाटांनी आणि आडोशांतून. खर्चाचा काही भाग शेजारच्या जमिनीवर घरं बांधून उभा राहिला, ही गोष्ट मात्र त्याचं उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत. तरीही दिशा पाहण्यासारखी आहे: पैसा खर्चून खोल पाणी उथळ केलं गेलं. आपण पैसा खर्चून उथळ पाणी खोल करतो.

पाणी उतरवायचं ते कसं? सांडव्याला पक्की भिंत असेल तर काहीच करता येत नाही, म्हणून पहिला बदल तिथे. कोल्हापुरी बंधाऱ्यासारखी खाच ठेवून त्यात पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरताना सगळे बसवायचे, हिवाळाभर पाणी धरायचं आणि उन्हाळा लागला की आठवड्याला एक या बेतानं काढायचे. एकदम काढले तर मासे उथळ पाण्यात अडकून एका रात्रीत मरतात, आणि कुजलेल्या माशांवरच्या अळ्यांतून पक्ष्यांना बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊ शकते. त्या काळात रोज सकाळी मेलेले मासे उचलणारी दोन माणसं आणि एक होडी, ही तरतूद सर्वांत आधी करावी. तळाचा पाचवा हिस्सा खोल ठेवायचा, म्हणजे कासवं आणि देशी मासे तग धरतात. याच दिवसांत तिलापिया आणि आफ्रिकन मांगूर जाळ्यानं काढून टाकायला सोपे. तळ उकरणारे हे मासे राहिले तर नितळ पाणी टिकत नाही. पहिल्या पावसात भरणारं पाणी फॉस्फरसची एक उसळी घेऊन येतं. ते पहिलं पाणी बरगे न बसवता वाहू द्यावं. जलपर्णीची रोपं उन्हात मरतात, पण तिचं बी वीसेक वर्षंही टिकू शकतं आणि उघड्या चिखलावर ते रुजतंच, म्हणून पाणी आल्यावर दोन महिने दर आठवड्याला होडी फिरवून कोवळी रोपं हातानं उपटायची. तेव्हा टाळलं तर पुढे मशीन लागतं. खाडीकाठच्या खाऱ्या पाणथळीला मात्र यातलं काही लावू नये. तिथला गंधकयुक्त गाळ वाळला की आम्ल तयार होतं आणि भरती-ओहोटी तिचं काम करतेच.

हे सगळं अंमलात येतं की नाही, ते बरगे कोण काढतो आणि कोणाच्या सांगण्यावरून परत बसवतो यावर ठरतं. पहिल्या उन्हाळ्यात वास येईल, साधारण दोन-तीन आठवडे. चिखल भेगाळलेला दिसेल, ‘तलाव आटला’ अशी बातमी फोटोसकट येईल, तक्रारी होतील. ऑन्टॅरिओत झालं तेच इथं छोट्या प्रमाणात होईल. म्हणून महिनावार पातळीचा तक्ता पावसाळ्याआधी ठरवून, काठावरच्या मोजपट्टीशेजारी सगळ्यांना दिसेल असा रंगवायचा: कोणत्या महिन्यात पाणी कुठवर असणार आणि किती बरगे खाली असणार. पट्टीवरचं पाणी तक्त्यापेक्षा चारच बोटं वर असलं तरी येणारा-जाणारा विचारू शकेल की का. वर्षातून एकदा, पाणी सगळ्यात खाली असताना, तिथेच काठावर बैठक घेऊन तो तक्ता बदलता यावा. एरवी कोणाच्याही फोनवर तो बदलता येऊ नये. आणि बरग्यांच्या कुलपाची किल्ली, तक्रारींचे फोन ज्या टेबलावर येतात त्याच्या खणात ठेवू नये.